दमा, उंदीर आणि स्टेम सेल : बडोद्याच्या ओसरीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या ओसरीवर दम्याचे पेशंट आणि त्यांच्या घरची माणसं जमतात. ही बैठक आईमुळे सुरू झाली. तिला तीस वर्षांपासून दमा आहे. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, आणि त्याआधी चार वर्षं एका प्रयोगशाळेत उंदरांच्या फुप्फुसांवर काम केलंय. मी डॉक्टर नाही, हे बैठकीत दर वेळी सांगते, इथेही सांगते.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं. पुढच्या महिन्यांत भिंतींना बुरशी चढली आणि चांगले बरे असलेले लोक पुन्हा धापा टाकायला लागले. तेव्हापासून स्टेम सेलचा, म्हणजे ज्यांपासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशींचा, विषय निघाला नाही अशी एकही बैठक गेली नाही. कोणाला व्हॉट्सॲपवर बातमी आलेली असते, कोणाला थेट फोन. बातमीत लिहिलेलं असतं की स्टेम सेलने दमा बरा झाला. कोणाचा झाला, ते लिहिलेलं नसतं. बहुतेक वेळा तो उंदराचा असतो.

स्टेम सेलने दमा बरा होतो का?

माणसाचा दमा स्टेम सेलने बरा होतो, असं कुठल्याही मोठ्या वैद्यकीय चाचणीत सिद्ध झालेलं नाही. दमा केलेल्या उंदरांच्या फुप्फुसातली सूज मात्र या पेशींनी उतरते, आणि हे वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. खालचे सगळे प्रश्न या दोहोंच्या मधल्या अंतराचे आहेत.

सूज म्हणजे नक्की काय? दमा म्हणजे नळ्या आवळणं ना?

नळ्या आवळतात हे खरं, पण त्या आवळतात कारण आतून सुजलेल्या असतात. धूळ, परागकण, बुरशी, झुरळांची विष्ठा यांपैकी ज्याची ॲलर्जी असेल ते श्वासातून आत गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा नको तितकी खवळते. टी-हेल्पर-२ नावाच्या पेशी निरोप धाडतात. ते निरोप म्हणजे आयएल-४, आयएल-५ आणि आयएल-१३ ही प्रथिनं. आयएल-४ मुळे आयजीई हे ॲलर्जीचं प्रतिपिंड वाढतं, आयएल-५ मुळे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची फौज येते, आयएल-१३ मुळे कफ वाढतो आणि नळ्या जरा कशानेही आवळायला लागतात. वर्षानुवर्षं हे चाललं की नळीची भिंतच जाड होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१९ मध्ये जगात २६ कोटींहून अधिक लोकांना दमा होता आणि साडेचार लाखांवर माणसं त्याने गेली.

निळा पंप, म्हणजे धाप लागली की ओढायचा इनहेलर, नळी सैल करतो. सूज उतरवतो तो स्टेरॉइडचा पंप. हा फरक इथेच मनात पक्का करा, पुढे लागेल.

या कोणत्या स्टेम सेल? बाळाच्या नाळेतल्या?

दम्याच्या प्रयोगांत बहुतेक वेळा मेसेन्कायमल पेशी वापरतात. त्या हाडाच्या मज्जेतून, चरबीतून किंवा नाळेच्या दोरीतल्या जेलीसारख्या भागातून काढतात. अलेक्झांडर फ्रिडेनश्टाइन या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६० आणि ७० च्या दशकांत मज्जेतल्या अशा पेशी दाखवल्या. प्लास्टिकच्या बशीत ठेवल्या की त्या तळाला चिकटून वाढत. १९९१ मध्ये अमेरिकेच्या अर्नोल्ड कॅप्लान यांनी त्यांना 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव दिलं आणि ते सगळीकडे रूढ झालं.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. याच कॅप्लान यांनी २०१७ मध्ये लिहिलं की हे नाव बदलायला हवं. या पेशी शरीरात जाऊन नवा अवयव घडवत नाहीत, त्या आजूबाजूच्या पेशींना औषधी संदेश देतात, म्हणून त्यांना 'मेडिसिनल सिग्नलिंग सेल' म्हणा, असं त्यांचं म्हणणं होतं. 'स्टेम सेल' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बी रुजून झाड येतं तसं नवं फुप्फुस येतं. ते चित्र इथे लागू पडत नाही.

उंदराला दमा असतो का?

नसतो. आपणहून होत नाही, तो करावा लागतो. सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत अंड्याच्या पांढऱ्या बलकातल्या ओव्हाल्ब्युमिन या प्रथिनाची. बाल्ब-सी जातीचे पांढरे उंदीर घेतात, कारण त्यांची प्रकृतीच ॲलर्जीकडे झुकणारी असते. पहिल्या दिवशी आणि साधारण चौदाव्या दिवशी ओव्हाल्ब्युमिन ॲल्युमिनियमच्या क्षारात कालवून पोटात टोचतात. त्या क्षाराने शरीर त्या प्रथिनाला शत्रू मानायला शिकतं. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याच प्रथिनाची वाफ उंदरांना हुंगवतात. महिना-सव्वा महिन्यात 'दम्याचा उंदीर' तयार होतो. अलीकडे गादी-उशीतल्या धूळकिड्यांचा अर्क नाकात थेंबाथेंबाने देण्याची पद्धतही बरीच वापरतात. माणसाच्या दम्याशी ती जास्त जवळची आहे, कारण अंड्याची वाफ हुंगून आपल्यापैकी कोणाला दमा झालेला नाही.

सूज किती आहे ते कसं कळतं, हे मी स्वतः केलंय म्हणून नीट सांगते. उंदराच्या श्वासनळीत बारीक नळी घालायची, एक मिली सलाईन सावकाश आत सोडायचं आणि तितकंच सावकाश परत ओढायचं. निरोगी उंदराचं पाणी जवळजवळ स्वच्छ येतं. दमा केलेल्याचं तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं गढूळ येतं. त्याचा थेंब काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की निरोगी पाण्यात बहुतेक मॅक्रोफेज दिसतात, म्हणजे फुप्फुसाचे झाडूवाले, आणि इओसिनोफिल शोधूनही मिळत नाही. दम्याच्या काचेवर अर्ध्याहून जास्त इओसिनोफिल असू शकतात. उंदराच्या इओसिनोफिलचं केंद्रक अगदी कडबोळ्यासारखं असतं, गोल आणि मध्ये भोक, भोवती गुलाबी दाणे. एकदा ओळखायला लागलं की विसरत नाही.

मोजणाऱ्याला कोणती काच कोणत्या उंदराची हे ठाऊक नसावं, असा नियम आहे. सुरुवातीला मी तो पाळला नव्हता. काचांवरच्या चिठ्ठ्या झाकून दुसऱ्यांदा मोजलं तेव्हा औषध दिलेल्या उंदरांचा आकडा वर सरकला. कोणाला फसवायचं मनात नव्हतं, पण डोळ्याला जे हवं होतं ते डोळ्याने पाहिलं होतं. त्या दिवसापासून कुठलाही शोधनिबंध वाचताना मी आधी बघते की मोजणाऱ्यापासून गट लपवले होते का.

मग स्टेम सेल दिल्यावर उंदरात काय दिसलं?

२०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या गटाने रॅगवीडच्या परागांनी दमा केलेल्या उंदरांवरचा प्रयोग छापला. रॅगवीड हे आपल्याकडच्या गाजरगवताच्या कुळातलं तण. पराग हुंगवण्याच्या वेळीच शिरेतून मज्जेतल्या पेशी दिल्या, तर इओसिनोफिल कमी आले, कफ कमी झाला, आयएल-४, ५ आणि १३ खाली आले, रक्तातलं आयजीईही उतरलं. टीजीएफ-बीटा हा संदेशवाहक अडवला की फायदा नाहीसा झाला. म्हणजे पेशी नुसत्या 'चांगल्या' होत्या असं नाही, त्या नेमका कोणता निरोप देत होत्या तेही सापडलं.

पुढच्या वर्षी व्हर्माँट विद्यापीठातल्या गटाने ओव्हाल्ब्युमिनच्या उंदरांत तसाच परिणाम दाखवला, पण तिथे किल्ली वेगळी निघाली, इंटरफेरॉन-गॅमा हा दुसरा संदेशवाहक. त्यांनी एकाच जातीच्या आणि परक्या जातीच्या उंदरांच्याही पेशी देऊन पाहिल्या, आणि दोन्हींचा उपयोग झाला. २०१३ मधल्या एका अभ्यासात फुप्फुसातले मॅक्रोफेज आधीच काढून टाकले, तर पेशींचा फायदाच होईना. म्हणजे बाहेरून आलेल्या पेशी घरातल्याच झाडूवाल्यांना कामाला लावत होत्या.

प्रयोगागणिक किल्ली वेगळी निघते याचा अर्थ शास्त्रज्ञ गोंधळलेत असा काहींनी घेतला. मला तसं वाटत नाही. या पेशी जिथे जातात तिथली हवा बघून वागतात, आणि प्रत्येक प्रयोगात ती हवा निराळी असते. पण याच कारणाने माणसाच्या फुप्फुसात त्या कशा वागतील हे उंदरावरून सांगता येत नाही.

या पेशी फुप्फुसात राहतात का? नव्या पेशी तयार करतात का?

शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी आधी फुप्फुसातच अडकतात. या पेशी साधारण १५ ते ३० मायक्रॉनच्या आणि फुप्फुसातल्या केशवाहिन्या ५ ते १० मायक्रॉनच्या, मग अडकणारच. पण तिथे त्या ठाण मांडत नाहीत. थोड्याच दिवसांत बहुतेक पेशी मरतात, किंवा शरीरातल्या दुसऱ्या पेशी त्यांना गिळून टाकतात. फायदा दिसतो तो जाण्याआधी त्या जे देऊन जातात त्याचा.

त्या देणगीतली एक गोष्ट मला अजून थक्क करते, आणि तिच्यावरचं फार मोलाचं काम आपल्या देशात झालंय. पेशीतली ऊर्जा मायटोकॉन्ड्रियात तयार होते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने दाखवलं की मज्जेतल्या या पेशी उंदराच्या जखमी फुप्फुसातल्या पेशींना आपले मायटोकॉन्ड्रिया चक्क काढून देतात. नंतर २०१४ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेत अनुराग अग्रवाल यांच्या गटाने सांगितलं की ही देवाणघेवाण मिरो-१ या प्रथिनावर चालते. दोन पेशींमध्ये बारीक नळीसारखा पूल तयार होतो आणि त्यावरून मायटोकॉन्ड्रिया सरकतात. मिरो-१ वाढवलेल्या पेशींनी ॲलर्जीने सुजलेल्या उंदरांच्या श्वासनलिकांना जास्त चांगला हात दिला, कमी केल्यावर तितका दिला नाही. कॉलेजात पहिल्यांदा हे शिकवलं तेव्हा एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, म्हणजे ती पेशी मरताना रक्तदान करून जाते?" यापेक्षा सोपं मलाही सांगता आलं नसतं.

इतकं चांगलं चालतंय तर माणसांना का देत नाहीत?

हा खरा प्रश्न. इथे घाई नको, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी डोस बघू. उंदराचं वजन धरा २० ग्रॅम. त्याला बऱ्याच प्रयोगांत लाख ते दहा लाख पेशी देतात. दहा लाख धरल्या तर किलोला पाच कोटी होतात. ६० किलोच्या माणसाला त्याच हिशेबाने ३०० कोटी पेशी लागतील. सीओपीडी या फुप्फुसाच्या दुसऱ्या आजारावरची एक नावाजलेली चाचणी २०१३ मध्ये छापून आली. तिच्यात ६२ रुग्ण होते आणि पेशी दिलेल्या गटाला दर महिन्याला एक असे चार डोस दिले, प्रत्येक डोस १० कोटी पेशींचा. म्हणजे उंदराच्या हिशेबाच्या तिसाव्या भागाएवढा. पेशी देणं सुरक्षित ठरलं, ही चांगली बातमी होती. पण फुप्फुसाची ताकद वाढली नाही.

मग वेळ. उंदरांच्या बऱ्याच प्रयोगांत पेशी देतात त्या ॲलर्जी तयार होत असताना किंवा हुंगवायच्या सुमारास. आग लागायच्या आत पाणी मारून ठेवल्यासारखंच ते. माझ्या आईची आग तीस वर्षांची आहे, भिंती काळ्या झाल्यात. उंदराचा सगळा दमा एका महिन्यातला, नळी जाड व्हायला त्याला उसंतच मिळत नाही. ओव्हाल्ब्युमिन महिनोन्‌महिने हुंगवत राहिलं तर उंदरांना त्याची सवय होते आणि सूज आपोआप उतरू लागते. आपल्याला धुळीची सवय होत नाही.

शरीराची घडणही वेगळी. उंदराच्या नळीत स्नायू कमी, नळ्यांच्या फांद्या फुटण्याची तऱ्हा वेगळी, मिनिटाला दोनशेच्या वर श्वास. माणसाच्या दम्यातलं सर्वांत ओळखीचं लक्षण म्हणजे रात्री तीनला उठवणारा खोकला. उंदरात तो मोजायची सोयच नाही.

आणि काय मोजलं, हे तर कोणी विचारतच नाही. उंदरात इओसिनोफिल मोजतात. माणसाला हवं असतं वर्षात किती वेळा दवाखान्यात पळावं लागलं, जिना चढता येतो का, मूल शाळेत जातं का. ही दोन मापं एकमेकांना किती धरून असतात, हे दाखवणारी एक जुनी गोष्ट आहे. उंदरांत आयएल-५ अडवलं की इओसिनोफिल जातात आणि दमा शमतो, असं १९९० च्या दशकात दिसलं. सगळ्यांना वाटलं, दम्याचं औषध सापडलं. २००० साली आयएल-५ अडवणारं औषध माणसांना देऊन पाहिलं. इओसिनोफिल खरंच पडले, पण ॲलर्जीचा पदार्थ हुंगवल्यावरचा झटका तसाच आला. कितीतरी जणांनी तो रस्ता बंद मानला. मग कोणीतरी विचार केला की सगळ्यांना न देता ज्यांच्या कफात स्टेरॉइड घेऊनही इओसिनोफिल उरतात त्यांनाच हे द्यावं, आणि झटके मोजावेत. २००९ मध्ये अशा दोन चाचण्या आल्या, आणि झटके खरंच कमी झाले. २०१५ मध्ये मेपोलिझुमॅब या नावाने ते औषध अमेरिकेत मंजूर झालं. मंजुरी मिळालेल्या अशा इंजेक्शनांवर आज पुष्कळ गंभीर रुग्ण उभे आहेत.

उंदीर खोटं बोलला नव्हता. पण त्याचं उत्तर माणसात कोणाला आणि कशासाठी लागू आहे, हे शोधायला वर्षं लागली. दम्यावरचा स्टेम सेलचा उपचार अजून त्या वर्षांच्या सुरुवातीला उभा आहे.

उंदीर सोडून दुसऱ्या प्राण्यांवर काही झालंय का?

झालंय, आणि माझ्या मते ते जास्त वाचायला हवं, कारण मांजर आणि घोडा यांना दमा आपणहून होतो. तबेल्यातल्या वाळक्या गवताची धूळ आणि बुरशी हुंगून घोडे वर्षानुवर्षं खोकतात. त्यांच्यावर मज्जेतल्या आणि चरबीतल्या पेशी वापरून झाल्यात, पण प्रयोग लहान होते. मिसुरी विद्यापीठात मुद्दाम दमा केलेल्या मांजरांना चरबीतल्या पेशी शिरेतून दिल्या आणि त्यांच्यावर कित्येक महिने लक्ष ठेवलं. उंदरात धाडकन पडणारे इओसिनोफिल इथे फारसे हलले नाहीत. सीटी स्कॅनवर मात्र, आठेक महिन्यांनंतर, नळ्यांच्या भिंतींची जाडी कमी दिसली. म्हणजे परिणाम असेल तर तो सावकाश आणि वेगळ्या जागी असू शकतो. महिन्याभरात संपणाऱ्या उंदराच्या प्रयोगात तो दिसलाच नसता.

एक्सोसोम म्हणजे काय? ते सुरक्षित आहेत असं म्हणतात.

पेशी ज्या इवल्या पिशव्यांमधून निरोप बाहेर सोडतात त्यांतल्या एका प्रकाराला एक्सोसोम म्हणतात. दम्याच्या उंदरांत नुसत्या या पिशव्या देऊनही सूज उतरलेली दिसलीय, त्यामुळे संशोधनाला ही वाट आवडतेय. जिवंत पेशी सांभाळण्यापेक्षा पिशव्या सांभाळणं सोपं. माणसाच्या दम्यासाठी त्याही सिद्ध झालेल्या नाहीत. ब्यूटी पार्लरमध्ये एक्सोसोमच्या नावाने जे मिळतं त्याचा या प्रयोगांशी काही संबंध नाही.

एका सेंटरवाल्यांनी दम्यासाठी स्टेम सेलचं पॅकेज सांगितलंय. घ्यावं का?

नको. माझ्या मावसभावाच्या सासऱ्यांना असंच सांगितलं होतं, तीन ड्रिप, साडेतीन लाख. त्यांनी पोस्टातली ठेव मोडली. ड्रिपच्या आधी त्यांना स्टेरॉइडचा पंप थांबवायला सांगितला, "पेशींना काम करू द्या" म्हणून. नवव्या दिवशी रात्री त्यांना ॲम्ब्युलन्समधून न्यावं लागलं. ते वाचले. पैसे परत मिळाले नाहीत, आणि हातात आलेल्या कागदावर पेशी कुठून आल्या, किती होत्या, जिवंत किती होत्या, यातलं एकही अक्षर नव्हतं. तो कागद मी पाहिलाय, म्हणून इतकं ठाम लिहिते.

कायदा आणि नियम काय म्हणतात ते सांगते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं मज्जा प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल देणं हा संशोधनाचा भाग आहे आणि ते मंजूर चाचणीतच व्हायला हवं. नवी औषधं आणि वैद्यकीय चाचण्यांचे २०१९ चे नियम अशा चाचणीला औषध महानियंत्रकांची परवानगी आणि नीतिविषयक समितीची मंजुरी लागते असं सांगतात. मंजुरी मिळालेल्या मेसेन्कायमल पेशी जगात आहेत, त्या मोजक्या आजारांसाठी. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये पहिल्यांदा असं उत्पादन मंजूर झालं, ते मज्जा प्रत्यारोपणानंतर लहान मुलांना होणाऱ्या एका गंभीर गुंतागुंतीसाठी. दमा त्यात नाही.

म्हणून कोणी फोन केला तर इतकं विचारा: ही चाचणी आहे का, आणि सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला तिचा क्रमांक काय? ती नोंदवही इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे, क्रमांक घालून स्वतः बघा. खऱ्या चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात, आणि इजा झाली तर भरपाईची तरतूद असते. पैसे मागितले की तिथेच फोन ठेवा. कोणी संमतिपत्र घरी नेऊन वाचू देत नसेल तरीही ठेवा.

बाळाच्या नाळेचं रक्त बँकेत ठेवलंय. पुढे दमा झाला तर कामी येईल?

दम्यासाठी नाही. नाळेच्या रक्तात मुख्यतः रक्त बनवणाऱ्या पेशी असतात, आणि वर सांगितलेले प्रयोग वेगळ्या पेशींचे आहेत. दम्याच्या भीतीपोटी दरवर्षी हप्ता भरत असाल तर ते पैसे मुलाच्या पंपाला, पंपाला जोडायच्या स्पेसरच्या नळकांड्याला आणि गादीच्या कव्हरला लावा.

तोवर आम्ही काय करायचं?

स्टेरॉइडचा पंप डॉक्टरांनी सांगितला तसा, बरं वाटत असतानाही. नुसता निळा पंप ओढत राहणं धोक्याचं आहे, आणि जागतिक पातळीवरच्या जीना मार्गदर्शिकेने २०१९ पासून एकट्या निळ्या पंपावर दमा सांभाळू नये असं म्हटलंय. पंपाने दमा आटोक्यात येत नसेल तर आधी ओढायची पद्धत कोणाकडून तरी तपासून घ्या. ओसरीवर दहातले सहा-सात जण चुकीचं ओढताना मी पाहिलेत, त्यात पंधरा वर्षं पंप घेणारेही होते. पद्धत बरोबर असूनही झटके येत असतील तर छातीरोगतज्ज्ञांना मेपोलिझुमॅबसारख्या इंजेक्शनांबद्दल विचारा. महाग आहेत, पण त्यांच्यामागे माणसांवरच्या चाचण्या आहेत.

आणि घर बघा. पुरानंतर आईच्या खोलीतलं लाकडी कपाट भिंतीपासून ओढलं तेव्हा मागे हातभर रुंद काळा पट्टा होता, ओल्या मातीचा वास येत होता. चार महिने ती त्याच्याशेजारी झोपत होती आणि आम्ही तिचा डोस वाढवत होतो. कपाट टाकलं, प्लास्टर खरवडून काढलं, भिंत उन्हाळाभर उघडी वाळू दिली. खरवडताना आईला बहिणीकडे मांजलपूरला पाठवलं होतं, कारण तेव्हा उडणारी धूळ सर्वांत वाईट. इथल्या जुन्या पोळांतल्या, म्हणजे दाटीच्या गल्ल्यांतल्या, घरांत अगाशीवर (गच्चीवर) कबुतरांना दाणे टाकायची पद्धत आहे. पुण्याचं काम खरं, पण घरात दम्याचा माणूस असेल तर दाणे घरापासून लांब, बाहेरच्या चौकात टाका. उत्तरायणच्या (संक्रांतीच्या) दिवसांत सकाळच्या गारठ्यात अगाशीवर जायचं असेल तर तोंडाला रुमाल आणि खिशात पंप हवाच.

त्या उंदरांचं पुढे काय होतं?

हे एका सहावीतल्या मुलाने विचारलं. तो स्वतः दम्याचा आहे. मी त्याला खरं सांगितलं. भूल देऊन त्यांना मारतात, आणि मगच फुप्फुस धुतात. आपल्या देशात प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे, त्याखालची सीसीएसईए ही समिती अशा प्रयोगांवर देखरेख ठेवते, आणि संस्थेच्या समितीला आधी सांगावं लागतं की इतकेच उंदीर का लागतात. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ मध्ये तीन कसोट्या मांडल्या होत्या: प्राण्याशिवाय भागत असेल तर प्राणी वापरू नये, लागले तर कमीत कमी लागावेत, आणि त्यांना कमीत कमी त्रास व्हावा. सगळ्या चांगल्या प्रयोगशाळा त्याच धरून चालतात.

आमच्याकडे एक प्रयोग फसला होता. गोठवलेल्या पेशी वितळवताना बऱ्याच मेल्या, ते आम्हाला उशिरा कळलं, आणि उंदरांत काहीच फरक पडला नाही. अठरा उंदीर होते. तो निकाल कुठे छापला गेला नाही. यशस्वी झालेलेच प्रयोग छापले जात असल्याने बाहेरच्या माणसाला वाटतं की या पेशी उंदरात नेहमीच चालतात. त्या अठरांचं वजन, पिंजऱ्याचा क्रमांक आणि मोजलेले इओसिनोफिल माझ्या वहीत आहेत. मुलाने वही बघायला मागितली. मी आतून आणून दिली. तो ओसरीच्या पायरीवर बसून एकेका ओळीवर बोट ठेवत अठरापर्यंत मोजत गेला.